अडीच वेढ्यांचा शंख

मामा पहाटे उठून बसले ते दोन्ही हातांनी खाट घट्ट धरून. "घर गरगर फिरून राह्यलं. अन् ह्या कानाचा त आवाजच बंद झाला," असं ते मामीला म्हणाले. सेलूजवळचं गाव, कापूस वेचणीचे दिवस. चक्कर म्हणजे पित्त, कान बंद म्हणजे मळ, असा हिशेब झाला. जवळच्या एका दवाखान्यातून कानात टाकायचं औषध आणि चक्करच्या गोळ्या आल्या. त्यात चार दिवस गेले. ते चार दिवस मला अजून सलतात.

पाचव्या दिवशी मी त्यांना सेवाग्रामला नेलं. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली इथं वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. ओपीडीच्या रांगेत आजही शेतातून थेट आलेली माणसं दिसतात.

कानात मळ नव्हताच. डॉक्टरांनी 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून मामांच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. "आवाज कोणीकडे येते, काकाजी?" मामांनी डाव्या, चांगल्या कानाकडे बोट दाखवलं. मळाचा किंवा पडद्याचा दोष असता तर आवाज बंद कानाकडे गेला असता. तो चांगल्याकडे गेला, म्हणजे बिघाड आत, नसेच्या बाजूला. तीन दिवसांच्या आत लागोपाठच्या तीन स्वरपट्ट्यांत 30 डेसिबल किंवा त्याहून जास्त ऐकू येणं घटलं, तर डॉक्टर त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. मामांच्या श्रवणचाचणीचा आलेख त्याच्या कितीतरी खाली गेला होता. साखर तपासून त्याच दुपारी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. एमआरआयची वाट पाहिली नाही, आणि ते अगदी बरोबर होतं. हे औषध जितकं लवकर तितकं बरं. पहिले दोन आठवडे मोलाचे.

मग एमआरआय कशाला? आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी केसासारखी बारीक असते आणि बहुधा लहान मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीतूनच फुटते. त्यामुळे कान आणि तोल एकदम गेले तर तो मेंदूचा झटकाही असू शकतो. दुसरी शंका तोलाच्या नसेवरच्या गाठीची. ती शंभरांत मोजक्याच जणांना निघते, पण पाहावी लागते. मेंदूच्या मागच्या भागातला ताजा झटका पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयलाही हुलकावणी देतो. म्हणून डॉक्टरांनी आधी मामांचं डोकं हातात धरून झटकन वळवलं आणि डोळे कुठं स्थिरावतात ते निरखलं.

एमआरआयच्या दाराशी तिथल्या ताईंनी प्रश्न विचारले. पेसमेकर आहे का, डोक्यात क्लिप, अंगात रॉड, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? नंतर अंगावरच्या वस्तू निघू लागल्या. बंडीच्या खिशातली चुन्याची डबी, तांब्याची अंगठी, करगोट्यातली किल्ली, गळ्यातल्या ताईताला लावलेली सेफ्टी पिन. "अजून काय आहे, काकाजी?" ताईंनी तीनदा विचारलं. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असतं, आणि ते रात्रीही बंद होत नाही.

आडवं होताच मामांना पुन्हा गरगरलं. ओकारीची गोळी आधीच दिली होती, हातात बोलावण्याचा रबरी फुगा दिला, दोन्ही कानांत बोळे घातले. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "ठकठक ठकठक, पण सारी एकाच कानात. दुसऱ्या कानात सामसूम." स्वतःच्या बहिरेपणाचं इतकं नेमकं वर्णन त्यांनी तोवर केलं नव्हतं.

पडद्यावर मिलिमीटरपेक्षा पातळ काप एकामागून एक सरकत होते. या चित्रात पाणी पांढरंशुभ्र दिसतं, हाड आणि नस काळी. कानातला द्रव उजळला आणि दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढा, अडीच वेढ्यांचा शंख उमटला; त्याला लागून तोल सांभाळणाऱ्या तीन कमानी. नसांच्या बोगद्याचा आडवा काप घेतला तेव्हा पांढऱ्या पाण्यात चार काळे ठिपके दिसले. एक चेहऱ्याच्या नसेचा, त्याखाली ऐकण्याचा, मागचे दोन तोलाचे. गाठ असती तर तिथं करडा दाणा दिसला असता. नव्हता. लहान मेंदूतही डाग नव्हता.

"एवढं करून काहीच नाही निघालं?" मामा हिरमुसले. पैसा वाया गेला असं मामीलाही वाटलं. मला तसं वाटत नाही. कान का गेला हे त्या कागदानं सांगितलं नाही, आणि बहुतेक रुग्णांत ते कळतही नाही. पण झटका आणि गाठ या दोन भीती त्यानं घराबाहेर काढल्या.

चक्कर काही आठवड्यांत ओसरली. ऐकू येणं अर्धंमुर्धं परतलं. खर्जातला आवाज येतो, पाखरांचा येत नाही. मामा आता बैठकीत डावा कान माणसांकडे करून बसतात.

तुमच्या घरात कुणाचा एक कान अचानक बंद झाला तर त्याला ओठ मिटून हुंकार द्यायला सांगा. हुंकार चांगल्या कानात घुमला तर दोष नसेचा असण्याची शक्यता मोठी. पण एवढ्यावर विसंबू नका. हुंकार कुठंही घुमो, त्याच दिवशी श्रवणचाचणी होते अशा रुग्णालयात त्याला न्या. सोबत चक्कर असेल, बोलणं अडखळत असेल किंवा उभं राहता येत नसेल, तर तासही दवडू नका.