पहिले पाढे पंचावन्न?

गोरेगावच्या ज्या नेस्को प्रदर्शनगृहात व्यापारी प्रदर्शने आणि परिषदा भरतात, तेथेच २०२० साली कोविडच्या रुग्णांसाठी खाटांच्या रांगा मांडाव्या लागल्या होत्या. मुंबईकर ही गोष्ट अद्याप विसरलेले नाहीत. परंतु परिषदा भरविणाऱ्या मंडळींना मात्र तिचा साफ विसर पडला आहे, असे मानण्यास पुष्कळच जागा आहे. त्या साथीने आपणांस काही शिकविले असेल, तर ते ज्या मांडवात शिकविले त्याच मांडवात विसरण्याची घाई आपण करीत आहोत.

साथीचा पहिला तडाखा ज्या व्यवहारांना बसला, त्यांत परिषदा अग्रभागी होत्या. फेब्रुवारी २०२० मध्ये बार्सिलोना येथील भ्रमणध्वनी उद्योगाचा जागतिक मेळावा रद्द झाला. मार्चच्या आरंभी डेन्व्हर येथे अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञांची परिषद भरावयाची होती. दहा हजारांवर प्रतिनिधी अपेक्षित असलेली ही परिषद ऐन उंबरठ्यावर गुंडाळावी लागली. ही सावधगिरी अनाठायी नव्हती. त्याच सुमारास बोस्टनमध्ये एका औषधनिर्मात्या कंपनीच्या सुमारे पावणेदोनशे अधिकाऱ्यांची बैठक झाली होती. संशोधकांनी पुढे विषाणूच्या जनुकीय खुणांवरून माग काढला, तेव्हा तेथून निघालेली संसर्गाची साखळी अमेरिकेच्या अनेक राज्यांत व परदेशांतही पोचल्याचे आढळले. आपल्याकडे १९१४ पासून चालत आलेली भारतीय विज्ञान परिषद बंगळूर येथे जानेवारी २०२० मध्ये भरली, ती पुन्हा नागपुरास भरण्यास जानेवारी २०२३ उजाडले. नाशिकचे साहित्य संमेलन मार्च २०२१ वरून डिसेंबरवर गेले, आणि त्याचे अध्यक्ष कै. डॉ. जयंत नारळीकर हे प्रकृतीमुळे तेथे जाऊ शकले नाहीत; तरी संमेलन पार पडले.

परंतु अडचणीतूनच मार्ग निघतो, हा अनुभव याही वेळी आला. कंपन्यांच्या वार्षिक सभा नोंदणीकृत कार्यालयाच्या गावीच भराव्यात, असा कायद्याचा दंडक. केंद्र सरकारने एप्रिल आणि मे २०२० मध्ये परिपत्रके काढून दृक्‌श्राव्य माध्यमातून सभा भरविण्यास मुभा दिली. आणि ज्या भागधारकाने आयुष्यात कधी मुंबईची सभा पाहिली नव्हती, तो सांगलीतून वा अकोल्यातून संचालकांना प्रश्न विचारू लागला. डॉक्टर, अभियंते, हिशेबतपासनीस, प्राध्यापक यांच्या परिषदांतही हेच घडले.

एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षे दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरबाई परवा आम्हांस भेटल्या. त्या म्हणाल्या, “दवाखाना बंद ठेवून चार दिवस पुण्या-मुंबईस जाणे मला कधी जमले नाही. साथीच्या दोन वर्षांत मात्र मी सहा परिषदा ऐकल्या, आणि एकीत प्रश्नसुद्धा विचारला. यंदाची पत्रिका आली आहे. तीत लिहिले आहे, प्रत्यक्ष उपस्थिती आवश्यक.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच आम्हांस ते अधिक लागले. क्षणभर उघडलेले दार मिटताना पाहण्याची आपल्याकडील अनेकांना सवयच झालेली असते. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडावी, हे वैद्यकांच्या परिषदेला तरी शोभणारे नाही.

प्रत्यक्ष भेटीचे मोल आम्ही नाकारीत नाही. पडद्यावरील चौकटीत माणसे दिसतात, पण भेटत नाहीत. चहाच्या पेल्यावर निघालेल्या गोष्टीतून सहकार्य जुळते, वडीलधाऱ्या तज्ज्ञाने नवख्याच्या खांद्यावर हात ठेवला की त्याला दहा वर्षांचा हुरूप येतो, हे खरे आहे. पण हेच जर परिषदेचे सार असेल, तर परिषदेचा सारा वेळ कशात जातो, हे प्रामाणिकपणे पाहावे. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, पाहुण्यांचा परिचय, उशिरा आलेल्या मंत्र्यांचे भाषण आणि आभारांचे भाषण! मग उरलेल्या वेळात घाईघाईने निबंध वाचावयाचे, आणि चर्चेसाठी पाच मिनिटे, तीही ‘वेळेअभावी’ रद्द. असे निबंध घरी बसूनही ऐकता येतात. त्यासाठी कोणास रात्रभर प्रवास करावयास लावणे हा अन्याय आहे.

म्हणून परिषदांची आखणीच उलट्या बाजूने व्हावी, असे आमचे मत आहे. निबंध आठ दिवस आधी सर्वांकडे पोचावेत, आणि एकत्र जमल्यावर केवळ चर्चा व्हावी. दूरस्थ प्रतिनिधींसाठी माफक शुल्क असावे. त्यांचे प्रश्न वाचून दाखविण्याची जबाबदारी सभागृहातील एका नेमलेल्या व्यक्तीवर असावी. नाही तर दूर बसलेला मनुष्य बिनआवाजाचा प्रेक्षक ठरतो. सभागृह निवडताना झुंबरांपूर्वी खिडक्या पाहाव्यात. उच्छ्‌वासातून बाहेर पडणारा कर्बद्विप्राणिद मोजणारे छोटेसे यंत्र दालनातील हवा किती कोंडली आहे हे सांगते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे २०२३ मध्ये दालनात तासाला किमान पाच वेळा स्वच्छ हवा खेळविण्याचे उद्दिष्ट सुचविले. आपले संयोजक भाडे ठरविताना हा प्रश्न विचारतात काय? आणि ज्याला ताप वा खोकला असेल त्याने येऊ नये, त्याचे शुल्क परत मिळेल, एवढे एक वाक्य पत्रिकेत छापण्यास काही खर्च येत नाही. शुल्क बुडेल या भीतीने आजारी मनुष्य येतो, आणि आपला आजार चारशे जणांत वाटून जातो.

यात खर्च आणि दगदग आहे, हे आम्ही जाणतो. दोन्ही प्रकारच्या प्रतिनिधींची नीट व्यवस्था ठेवणे म्हणजे एकाच वेळी दोन कार्ये काढणे होय. प्रत्येक लहान संस्थेला ते दर वेळी झेपणार नाही. मग एक वर्ष प्रत्यक्ष आणि एक वर्ष दूरस्थ, असा क्रम लावावा. अथवा जिल्ह्याजिल्ह्यांतून सभासदांनी एकत्र बसून मुख्य परिषदेशी जोडून घ्यावे. मार्ग अनेक आहेत; हवी आहे ती इच्छा.

जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. आणीबाणी संपली म्हणजे धडाही संपला, असे नव्हे. शाळेत आम्ही मुलांना सांगत असू की, परीक्षा झाल्यावर जो पुस्तक फेकून देतो तो पास होतो, पण शिकत नाही. यंदाच्या परिषदांच्या पत्रिका अद्याप छापखान्यात आहेत. त्या तालुक्याच्या गावच्या डॉक्टरबाईंसाठी तीत एक ओळ घालण्यास अजून वेळ गेलेला नाही.