टिसिंग्टनच्या फुलांनी सजलेल्या विहिरी

ईस्टर होऊन महिना उलटला की इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातल्या टिसिंग्टन गावात बदकांच्या तळ्यात मोठमोठ्या लाकडी फळ्या बुडवून ठेवलेल्या दिसू लागतात. फळ्यांच्या एका बाजूला शेकडो खिळे अर्धवट ठोकलेले असतात. काही दिवस पाण्यात मुरून लाकूड तुडुंब भिजले म्हणजे पुढे त्यावर थापलेल्या मातीतला ओलावा ते शोषून घेत नाही. आठवडाभरात याच फळ्यांवर फुलांच्या पाकळ्यांची भव्य चित्रे तयार होतात आणि गावातल्या सहा विहिरींच्या माथ्यावर चढतात. येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस हा या सणाचा मुहूर्त. ईस्टरपासून चाळिसावा दिवस, म्हणजे नेहमी गुरुवार. ईस्टर दरवर्षी मागेपुढे होतो, त्यामुळे हा गुरुवार कधी एप्रिलच्या अगदी शेवटी, कधी जून उजाडल्यावरही येतो. बहुतेक वेळा मात्र तो मे महिन्यातच पडतो.

ॲशबोर्न या बाजारगावापासून उत्तरेला चारेक मैलांवर टिसिंग्टन आहे. ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये घोषित झाले ते पीक डिस्ट्रिक्टचे, आणि त्याच्या दक्षिण टोकाला हे गाव वसले आहे. वस्ती दीडशेच्या आसपास. गावात शिरताना लिंडेनच्या झाडांची दुतर्फा रांग लागते. पुढे राखाडी चुनखडीच्या दगडांची घरे, प्रत्येकासमोर छोटी बाग, रस्त्याकडेला रुंद हिरवळ. उंचवट्यावर नॉर्मन काळातले सेंट मेरी चर्च आहे आणि त्याच्या समोरच्या अंगाला १६०९ मध्ये बांधलेला टिसिंग्टन हॉल हा वाडा. तो बांधणाऱ्या फिट्झहर्बर्ट घराण्याकडे गावाची मालकी कित्येक शतके चालत आली आहे. बाहेर कुरणांत लांबच लांब समांतर वरंबे उठलेले दिसतात. मध्ययुगात इथे बैलांच्या नांगराने शेती होत असे. नंतर त्या जमिनीचे कुरण झाले, पुन्हा नांगर फिरला नाही, म्हणून ते वरंबे आजही तसेच आहेत. वसंतात त्यांच्यावर मेंढ्या आणि नुकती जन्मलेली कोकरे चरत असतात, कुंपणांवरचा हॉथॉर्न पांढऱ्या फुलांनी लगडतो आणि सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळू लागतो. हा लांबलेला उजेड गावाच्या उपयोगी पडतो, कारण सणाचे बरेचसे काम दिवसभराची कामे उरकल्यावर संध्याकाळीच होते.

विहिरींची एवढी अपूर्वाई का, हे पायाखालच्या खडकाकडे पाहिले की कळते. पीक डिस्ट्रिक्टचा हा दक्षिण भाग चुनखडीचा आहे. चुनखडीला भेगा फार, त्यामुळे पडलेला पाऊस पृष्ठभागावर थांबत नाही. खडकातल्या फटींतून खोल उतरतो. इथल्या कित्येक दऱ्या वर्षातला मोठा काळ कोरड्या असतात. हिरवेगार दिसणाऱ्या या मुलखात पाणी शोधावे लागते. जिथे ते आपणहून वर येते तिथेच वस्ती तग धरते. टिसिंग्टनच्या विहिरी म्हणजे खरे तर असे जिवंत झरेच. त्यांच्याभोवती दगडी कोनाडे बांधले आहेत आणि पाणी कुंडात पडून वाहत राहते. खोल उतरायचे नाही, पोहरा सोडायचा नाही. ओंजळ धरावी इतके ते जवळ आहे.

ही प्रथा सुरू कशी झाली, याच्या दोन कथा गावात सांगितल्या जातात. पहिली १३४९ ची. युरोपभर थैमान घालणाऱ्या प्लेगने त्या वर्षी डर्बीशायरमध्येही गावेच्या गावे ओस पाडली, पण टिसिंग्टन वाचले, आणि गावकऱ्यांनी त्याचे श्रेय स्वच्छ पाण्याला दिले. दुसरी कथा १६१५ च्या दुष्काळाची. त्या साली वसंतापासून उन्हाळा सरत येईपर्यंत पाऊस जवळजवळ पडलाच नाही, अशी नोंद याच परगण्यातल्या युलग्रेव्ह गावच्या चर्चदप्तरात आहे. तेव्हाही टिसिंग्टनचे झरे आटले नाहीत आणि आसपासचे लोक जनावरे घेऊन इथे पाण्याला येत, असे म्हणतात. याहून मागे जाणारे लोक ही मूर्तिपूजकांच्या काळातली जलदेवतेची पूजा मानतात. राजा कनूटने अकराव्या शतकात केलेल्या कायद्यात झऱ्यांच्या पूजेला मनाई आहे, म्हणजे त्या काळी इंग्लंडमध्ये अशी पूजा होत होती हे नक्की. पण तिच्यापासून आजच्या फुलांच्या चित्रांपर्यंत अखंड धागा जोडून दाखवणारा कागद नाही. टिसिंग्टनच्या सजावटीचा हाती असलेला जुना लेखी उल्लेख १७५८ सालचा आहे. एका पाहुण्याने झऱ्यांवर फुलांच्या माळा पाहिल्याचे लिहून ठेवले. माझ्या मते या सणाला चौदाव्या शतकाच्या आधाराची गरजही नाही. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी हे गाव पाण्याला फुले वाहत होते आणि आजही वाहते, एवढी गोष्ट पुरेशी मोठी आहे.

माळांची चित्रे झाली ती नंतर. एबेनेझर ऱ्होड्स या लेखकाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात पीक डिस्ट्रिक्टची वर्णने लिहिली, त्यांत टिसिंग्टन आहे. तोवर ओल्या मातीने लिंपलेल्या फळ्या आल्या होत्या, पण लोक त्या मातीत अख्खी फुले देठासकट खोचत. आज एकेक पाकळी सुटी करून लावतात.

हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. चिकणमाती पाणी आणि मीठ घालून तुडवतात. बूट घालून माणसे तिच्यात उभी राहतात आणि लोण्यासारखी मऊ होईपर्यंत पाय चालवतात. मिठामुळे माती लवकर सुकत नाही. तिचा जाड थर फळीवर थापून गुळगुळीत करतात. खिळ्यांची पकड असल्यामुळे फळी उभी केली तरी तो घसरत नाही. मग कागदावर पूर्ण आकारात काढलेले चित्र मातीवर पसरून रेघेरेघेवर टोचे मारतात. कागद उचलला की मातीवर ठिपक्यांची बाह्यरेषा उरते. या रेषेवर अल्डर झाडाची काळी, छोटी, बोंडांसारखी फळे एकाला एक लावून बसवतात. कॉफीच्या बियाही चालतात. चित्राची ही काळी चौकट पुरी झाल्याशिवाय रंगाला हात लावत नाहीत.

रंग भरताना नियम एकच: जे वापरायचे ते निसर्गातले हवे. शेवाळ, दगडफूल, झाडाची साल, बिया, पाने आणि सर्वांत जास्त पाकळ्या. पाकळी लावण्याचीही दिशा ठरलेली असते. खालून सुरुवात करून वर सरकायचे आणि वरची पाकळी खालच्या पाकळीवर थोडी चढवायची, घरावरच्या कौलांसारखी. पाऊस आला तर पाणी चित्रात न मुरता वरच्यावर ओघळून जाते. इंग्लंडच्या वसंतात पाऊस येणार हे गृहीतच असते. एकेका फळीभोवती पाच-सहा माणसे वाकून बसलेली असतात. आकाशाचा निळा भाग एखाद्या आजींच्या हाती, संताचा झगा कुणा शेतकऱ्याकडे, आणि चेहरा मात्र ज्याचा हात सर्वांत स्थिर त्याच्याकडे. चेहरा बिघडला तर सगळे चित्र बिघडते. हे काम दोनतीन दिवस आणि उशिरा रात्रीपर्यंत चालते, कारण लवकर सुरू केले तर मुहूर्ताआधी पाकळ्या कोमेजतात.

चित्राचा विषय बहुतेक वेळा बायबलमधला असतो. एखाद्या वर्षी राष्ट्रीय प्रसंग किंवा मोठी जयंती त्यात येते. सण लवकर आला तर बागांत फुले कमी असतात आणि पानांवर, शेवाळावर जास्त भर द्यावा लागतो. हायड्रेंजियाच्या पाकळ्या रंग टिकवतात, म्हणून त्यांना फार मागणी. ऋतूने जे दिले त्यातून चित्र उभे करायचे, यातच कारागिरीचा कस लागतो.

सहा विहिरींची नावे गावाने साधेपणाने ठेवली आहेत. वाड्यासमोरची ती हॉल वेल. समोर हँड नावाचे कुटुंब राहायचे म्हणून हँड्स वेल. कॉफिन वेल शवपेटीच्या आकाराची आहे, एवढेच. नावाने दचकायचे कारण नाही. टाउन वेल गावाच्या खालच्या अंगाला आहे, तर यू ट्री वेल यू वृक्षांच्या सावलीत. सहावी चिल्ड्रन्स वेल मुलांची. तिची सजावट मुलेच करतात, आणि मला या सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. माती किती ओली हवी आणि पाकळी किती दाबायची हे पुस्तकातून येत नाही. सात-आठ वर्षांचे पोर आज आपली छोटी फळी भरते, तेच पुढे मोठ्या विहिरीवर उभे राहते.

बुधवारी फळ्या विहिरींवर चढतात. ओल्या मातीची फळी अतिशय जड असते, ती उभी करायला गावातली धट्टीकट्टी माणसे एकत्र लागतात. गुरुवारी सकाळी चर्चमध्ये उपासना होते आणि मग धर्मगुरू, गायकवृंद, गावकरी आणि पाहुणे अशी मिरवणूक एकेका विहिरीपाशी थांबत जाते. प्रत्येक ठिकाणी प्रार्थना, स्तोत्र आणि पाण्याला आशीर्वाद. पुढचा आठवडाभर गाव पाहुण्यांसाठी खुले असते. चहा आणि घरचे केक मिळतात, विहिरींजवळ दानपेट्या ठेवलेल्या असतात. मग माती सुकून तडकते, पाकळ्या तपकिरी पडतात आणि फळ्या उतरवून धुऊन ठेवल्या जातात. इतक्या लोकांचे इतके तास आठवडाभरात संपतात, पण याबद्दल खंत करणारा या गावात विरळा. पुढच्या वर्षी पुन्हा करायचे असते.

टिसिंग्टन या सणांच्या हंगामाची सुरुवात करते. त्यानंतर थेट सप्टेंबरपर्यंत डर्बीशायरच्या कितीतरी गावांत विहिरी सजतात. यातल्या काही ठिकाणची कहाणी मला टिसिंग्टनइतकीच आवडते. युलग्रेव्हमध्ये १८२९ साली नळाने पाणी आले. त्याआधी बायकामाणसांना दरीत उतरून नदीवरून पाणी वाहून आणावे लागे. नळ आल्याचा आनंद गावाने नळच फुलांनी सजवून साजरा केला, आणि ती प्रथा आजही जून महिन्यात पाळली जाते. बक्स्टनमध्ये ड्यूक ऑफ डेव्हनशायरने शहराला पाणी दिले, त्याच्या कृतज्ञतेतून १८४० मध्ये तिथली सजावट सुरू झाली. म्हणजे सजावटीसाठी झरा पुरातन असण्याची अट कधीच नव्हती. पाणी दाराशी आले, कष्ट वाचले, एवढे कारण लोकांना पुरले. पाण्याचे मोल ज्यांनी डोक्यावरून वाहिले आहे त्यांनाच नळाला फुले वाहण्याचे सुचते.

ॲशबोर्न ते बक्स्टन रेल्वे १८९९ मध्ये सुरू झाली आणि टिसिंग्टनला स्टेशन मिळाले. विहिरी पाहायला शहरांतून लोक आगगाडीने येऊ लागले. नियमित प्रवासी गाड्या १९५४ मध्ये थांबल्या, पुढच्या दशकात मार्गच बंद झाला. रूळ काढून तिथे १९७१ मध्ये चालण्यासाठी आणि सायकलसाठी रस्ता केला गेला. ॲशबोर्नपासून पार्सली हेपर्यंतचा हा तेरा मैलांचा टिसिंग्टन ट्रेल आता ब्रिटनच्या अशा मार्गांतला एक नावाजलेला मार्ग आहे. जुन्या स्टेशनच्या जागी वाहनतळ आहे.

सणाच्या आठवड्यात दीडशे माणसांच्या गावात हजारो पाहुणे येतात. अरुंद रस्त्यांवर गाड्यांची कोंडी होते, आणि ही गर्दी सांभाळण्याचे काम पुन्हा त्याच दीडशे माणसांवर पडते. त्यातच पीक डिस्ट्रिक्टमध्ये घरांच्या किमती चढल्या आहेत, अनेक गावांतली घरे सुटीपुरती भाड्याने दिली जातात आणि तरुण कुटुंबांना गावात राहणे परवडत नाही. पर्यटन वाढले म्हणजे प्रथा टिकली, असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरेल. पाहणारे कितीही आले तरी माती तुडवणारे पाय आणि पाकळी लावणारी बोटे गावातच असावी लागतात. इंग्लंडच्या ग्रामीण जीवनाची चित्रे आपल्यापर्यंत पोचतात ती बहुधा टुमदार घरे आणि गुलाबांच्या वेलींची. गाव मात्र अशा रात्री दहा वाजेपर्यंत एका फळीवर वाकलेल्या माणसांमुळे गाव राहते.

डर्बी, बर्मिंगहॅम, मँचेस्टर इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना टिसिंग्टन एका दिवसात सहज करता येईल. ईस्टरची तारीख पाहून चाळिसावा दिवस मोजा आणि त्या गुरुवारी किंवा लगेचच्या एकदोन दिवसांत जा, तेव्हा पाकळ्या ताज्या असतात. गाडी शक्यतो ॲशबोर्नला ठेवून ट्रेलवरून चालत किंवा सायकलने गावात शिरा. कोंडीतली एक गाडी कमी होईल. पाकळ्यांना हात लावू नका, मुलांची विहीर चुकवू नका, आणि दानपेटीत काही टाकल्याशिवाय परत फिरू नका.