दहा बाय बाराच्या खोलीसाठी होम थिएटर घेताय? खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका

सोयाबीनचे पैसे हातात आले, दिवाळी तोंडावर आली की तालुक्याच्या बाजारपेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गर्दी होते. टीव्ही बहुतेक घरांत आधीच आलेला असतो. ३२ किंवा ४३ इंची, भिंतीला चिकटलेला, एकदम चपटा. चित्र झकास दिसतं, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. टीव्ही जितका पातळ, तितकी त्यात स्पीकरला जागा कमी. त्यातही बहुतेक टीव्हींचे स्पीकर खालच्या बाजूला किंवा मागे भिंतीकडे तोंड करून असतात. म्हणून मालिकेतलं बोलणं आजीला ऐकू येत नाही, आवाज वाढवला की जाहिरात लागते आणि सगळं घर दचकतं. मग पोरं म्हणतात, होम थिएटर घेऊ.

घ्यायला हरकत नाही. पण पाच-सात हजार म्हणजे आपल्याकडे छोटी रक्कम नाही, आणि या धंद्यात आकड्यांची फसवाफसवी भरपूर चालते. त्यामुळे दुकानात पाय ठेवण्याआधी काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

वॅटचा खेळ

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: ५००० वॅट पीएमपीओ. हा पीएमपीओ म्हणजे क्षणभरासाठी, कागदावर, सगळं जुळून आलं तर निघू शकणारी ताकद. तो मोजायची ठरलेली अशी एक पद्धतच नाही, त्यामुळे ज्याला जो आकडा आवडेल तो छापतो. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत वाजताना मिळणारी ताकद. तो बारीक अक्षरात कुठेतरी असतो, आणि कधीकधी नसतोच. आरएमएसपुढेसुद्धा कधी ‘१० टक्के टीएचडी’ असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे आवाज चांगलाच फाटायला लागल्यावर मोजलेली ही ताकद आहे, स्वच्छ आवाजात ती याहून कमीच.

दुकानदाराशी वाद घालायची गरज नाही. सिस्टीमचा ॲडॉप्टर उलटा करा आणि लेबल वाचा. त्यावर आउटपुट लिहिलेलं असतं, समजा १२ व्होल्ट २ अँपिअर. दोघांचा गुणाकार करा: २४ वॅट. ज्या यंत्रात २४ वॅट वीज आत जाते, त्यातून सतत १२० वॅट आवाज बाहेर कसा पडेल? एखाद्या ठोक्याला क्षणभर जास्त जोर मिळतो, कारण आतले कपॅसिटर थोडी वीज साठवून ठेवतात. पण सतत नाही. मोटारीला जेवढं पाणी मिळतं तेवढंच ती फेकते, तसंच हे. ॲडॉप्टर नसेल आणि वायर थेट सिस्टीमच्या पाठीत जात असेल, तर मागच्या लेबलवर वीज किती खाते ते लिहिलेलं असतं. हिशोब तोच.

आठवडी बाजारात किंवा रिपेरिंगच्या दुकानात जुळवणी केलेले ॲम्प्लिफायर मिळतात. त्यात पुष्कळदा ४४४० नावाची आयसी असते, गाड्यांच्या टेपमध्ये वर्षानुवर्षं वापरली गेलेली. आयसी चांगली आहे, प्रश्नच नाही. पण ती दोन्ही बाजूंना मिळून साधारण १२ वॅट देते, आणि ब्रिज पद्धतीने जोडली तर १९ च्या आसपास. त्या डब्यावर १००० वॅटचं स्टिकर असेल तर ते स्टिकर फक्त सजावटीचं आहे असं समजा. कारागीर ओळखीचा असेल, पुढे दुरुस्ती तोच करणार असेल, तर ही जुळवणी स्वस्तात चांगली पडते. मात्र किंमत १२ वॅटची द्या, १००० ची नको.

आता उलट बाजू. लहान खोलीला वॅट लागतात तरी किती? साधारण घरगुती स्पीकरला १ वॅट दिला की एक मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज येतो. आपण गप्पा मारतो तो आवाज ६० च्या घरात असतो. म्हणजे रोजच्या टीव्हीला एक-दोन वॅटसुद्धा पुरून उरतात. आणखी एक गंमत म्हणजे वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट जवळजवळ दहापट करावे लागतात. त्यामुळे ४० वॅटवाली सिस्टीम सोडून ८० वाल्यासाठी दोन हजार जास्त मोजलेत, तर फरक कानाला जेमतेम कळेल. खरे ३० ते ६० आरएमएस वॅट दहा बाय बाराच्या खोलीला भरपूर झाले.

५.१ की २.१?

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर. समोर तीन, मागे दोन. ऐकायला भारी वाटतं, पण आधी हे बघा की तुमच्या टीव्हीवर चालतं काय. फ्री डिशवर आणि बहुतेक चॅनेलवर आवाज दोनच बाजूंचा, म्हणजे स्टिरिओ येतो. तिथे मागचे स्पीकर एक तर गप्प बसतात किंवा पुढचाच आवाज पुन्हा वाजवतात. खरा ५.१ आवाज मिळतो तो ओटीटी ॲपवरच्या सिनेमांना, तोही टीव्ही आणि सिस्टीम दोन्ही डॉल्बी चालवणारे असतील आणि नीट जोडलेले असतील तर.

दुसरी अडचण जागेची. मागचे स्पीकर बसणाऱ्याच्या कानाच्या बाजूला किंवा थोडे मागे हवेत. आपल्या घरात दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला असतो. मग एक स्पीकर दाराच्या चौकटीवर खिळ्याला आणि दुसरा देवळीत, अशी वरात निघते. वायर दारातून ओढलेली, येता-जाता पायात येणारी. एवढं करून सहा महिन्यांत ते दोन स्पीकर काढून माळ्यावर जातात, असं अनेक घरांत दिसतं.

म्हणून लहान खोलीला २.१ बरा: दोन स्पीकर आणि एक वूफर. किंवा वूफरसकट येणारा साउंडबार. आजच्या बाजारात ही मंडळी साधारण चार ते आठ हजारांत मिळतात. नावाजलेल्या कंपनीचं चांगलं ५.१ घ्यायचं तर दहा हजारांच्या पुढेच जावं लागतं. चार हजारांत ५.१ देणारा सहाही स्पीकर हलके देतो, त्यापेक्षा त्याच पैशात दोन चांगले का घेऊ नयेत? घरात म्हातारी माणसं असतील आणि मुख्य तक्रार ‘बोलणं कळत नाही’ हीच असेल, तर वूफरचा नाद सोडून नुसता दोन-अडीच हजारांचा साधा साउंडबारही काम भागवतो. माणसाच्या बोलण्यात वूफरचं काम फारसं नसतंच. वूफर जोरात असला तर उलट बोलणं झाकून टाकतो.

खोली घुमते ती का?

दुकानात छान वाजलेली सिस्टीम घरी आणली की नुसती धमधमते. बिघाड सिस्टीमचा नसतो, खोलीचा असतो.

आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये त्याच्या काही लाटा नेमक्या बसतात आणि तिथे आवाज फुगतो. १२ फुटांच्या अंतराला ही पहिली लाट ४७ हर्ट्झच्या आसपास येते, १० फुटांना ५६ च्या आसपास. वूफर नेमका याच पट्ट्यात वाजतो. सगळ्यात वाईट खोली म्हणजे दहा बाय दहाची आणि उंचीलाही दहा फूट, कारण तिथे तिन्ही बाजूंची लाट एकाच जागी येऊन बसते. घरकुलातल्या किंवा नव्या स्लॅबच्या चौकोनी खोल्यांत हा त्रास हमखास होतो.

यावर फुकटचा उपाय आहे. वूफर कोपऱ्यात ठेवू नका. कोपऱ्यात तो दुप्पट घुमतो. चांगली जागा शोधायची तर वूफर उचलून जिथे तुम्ही बसता तिथे, दिवाणावर ठेवा आणि गाणं लावा. मग तुम्ही स्वतः भिंतीच्या कडेने खाली वाकून फिरा. जिथे ठेका गोल आणि स्वच्छ ऐकू येईल, तिथे वूफर ठेवायचा. दिसायला येडपट दिसतं, शेजारी हसतील, पण ही पद्धत मोठमोठे ध्वनी-जाणकारही वापरतात.

नुसती फरशी, गुळगुळीत गिलावा आणि रिकाम्या भिंती असल्या की बोलण्याचाही प्रतिध्वनी येतो. खाली सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा, एका बाजूला गोधड्यांची चळत असू द्या. धान्याच्या गोण्या ज्या खोलीत लावलेल्या असतात तिथे आवाज किती दबका आणि स्वच्छ येतो ते कधी लक्ष देऊन ऐका.

पत्र्याचं घर असेल तर वूफर खालच्या आवाजातच ठेवावा लागेल. ठेक्याबरोबर पत्रा थरथरतो, आणि हा आवाज स्पीकर फाटल्यासारखा वाटतो. पुष्कळजण त्यापायी सिस्टीम परत करायला जातात. आधी जे-हुकचे नटबोल्ट आवळून आणि वायसर बदलून बघा. शोकेसमधली भांडी आणि काचा यांचंही तेच. वूफरखाली चौघडी केलेलं गोणपाट किंवा रबरी मॅट घातली तर थरथर कमी होते.

साउंडबार शोकेसच्या कप्प्यात आत ढकलू नका, कडेला पुढे घ्या. टीव्ही उंच टांगलेला असला तरी स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आलेले बरे. जमिनीवर बसून बघणारं घर असेल तर त्या हिशोबाने खाली.

जोडणीत फसू नका

टीव्हीच्या मागे बघून मगच दुकानात जा. मोबाइलवर त्या सगळ्या भोकांचा फोटो काढून न्या, हे सगळ्यात सोपं. एचडीएमआयच्या दोन-तीन जागा असतात, त्यातल्या एकीवरच एआरसी लिहिलेलं असतं. ती असेल आणि सिस्टीमलाही एआरसी असेल तर एकाच वायरीत काम होतं, आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो. त्यासाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करावं लागतं. दुसरा पर्याय ऑप्टिकल, ज्याच्या वायरीच्या टोकाला लाल उजेड दिसतो. जुना टीव्ही असेल तर हेडफोनच्या जागेतून लाल-पांढऱ्या पिनांची वायर चालते.

सगळं जोडलं आणि आवाजच आला नाही, तर घाबरू नका. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करा. साध्या सिस्टीमला डॉल्बीचा आवाज उलगडता येत नाही, पीसीएम कळतो.

ब्लूटूथवर टीव्ही बघायचा विचार असेल तर थोडं थांबा. आवाज थोडा उशिरा येतो, माणसाचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. गाण्यांना चालतं, बातम्यांना आणि सिनेमाला डोकं उठतं. वायर ती वायर.

वीज आणि उंदीर

संध्याकाळी शेतीपंप चालू असताना दाब खाली येतो आणि मध्येच उसळतोही. लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर सिस्टीम कमी दाबातही चालते. नुसतं २३० लिहिलेलं असेल तर टीव्हीच्या स्टॅबिलायझरवरच ती पण जोडा. ॲडॉप्टरवर बीआयएसची खूण आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो क्रमांक खरा आहे का, हे ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तिथल्या तिथे तपासता येतं. वीज कडाडायला लागली की प्लग काढाच, आणि डिशची वायरही. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

वूफरला हवेसाठी एक गोल भोक असतं. ते बुजवू नका, पण मच्छरदाणीचा तुकडा ताणून चिकटवा. उंदीर आणि पाली तिथे बिऱ्हाड थाटतात.

पैसे देण्याआधी

दुकानदार नेहमी ठेक्याचं गाणं लावून दाखवतो, कारण ठेक्यात सगळेच स्पीकर चांगले वाटतात. तुम्ही आपल्या पेनड्राइव्हमध्ये एक कीर्तन आणि एक बातम्यांचा तुकडा घेऊन जा. टाळ वेगळे, पखवाज वेगळा आणि बुवांचा शब्द स्पष्ट ऐकू आला, तर माल चांगला. आवाज तीन चतुर्थांश करून बघा, फाटतोय का. सोबत घरातलं म्हातारं माणूस नेता आलं तर फारच उत्तम, त्याच्याइतकी खरी परीक्षा कोणी घेणार नाही.

सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा. ऑनलाइन पाचशे रुपये स्वस्त मिळालं आणि दुरुस्तीला जिल्ह्याच्या ठिकाणी दोन खेपा झाल्या, तर एसटीच्या भाड्यातच सगळं जातं. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर आणि वॉरंटी कार्डावर सिरीयल नंबर टाकून शिक्का मारून घ्या. ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. रस्त्याकडेला गाडी लावून ‘कंपनीचा उरलेला माल अर्ध्या किमतीत’ विकणाऱ्याकडून घेऊ नका, पुढे त्याला शोधणार कुठे?

दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे माल कुठूनही घेतलेला असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही.

आणि सिस्टीम घरी लागल्यावर एक लक्षात असू द्या. रहिवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र धरली जाते १० ते सकाळी ६. सामाईक भिंत असेल तर वूफरचा ठेका शेजारच्या खोलीत आपल्यापेक्षा जास्त जाणवतो. दहानंतर वूफर बंद करून नुसते स्पीकर ठेवले, किंवा सिस्टीमला नाईट मोड असेल तो लावला, तरी सिनेमाचं बोलणं व्यवस्थित ऐकू येतं.