बँडपथकाची श्रीलंका भेट आणि वाद्याचा प्रश्न

आमच्या विद्यालयाच्या बँडपथकाने सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी श्रीलंकेस जावे असे ठरले, तेव्हा पालकसभेत एका ज्येष्ठ आजोबांनी विचारले, "ज्या वाजंत्रीतून बाबासाहेबांनी आम्हांस सोडविले, तीच आमच्या नातवंडांच्या गळ्यात पुन्हा कशासाठी?" प्रश्न रास्त होता. दौऱ्याचा वृत्तान्त सांगताना त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

गावगाड्यात हलगी-डफडे वाजविणे ही कला म्हणून गणली जात नसे. ते जन्माने लादलेले काम होते. वरात असो, जत्रा असो वा मयत, सांगावा येताच जावे लागे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांत आपल्या वाडवडिलांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले, तशी वाजंत्रीही सोडली. काहींनी त्यापायी बहिष्कार सोसला. त्या त्यागाची जाण ठेवूनच आम्ही निघालो.

श्रीलंकेशी आपले नाते जुने आहे. आमच्या पथकाच्या अग्रभागी असणारा पंचरंगी बौद्ध ध्वज १८८५ साली कोलंबो येथे प्रथम फडकला. मे १९५० मध्ये कँडी येथे भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः उपस्थित होते. म्हणून कँडी हाच आमच्या प्रवासाचा मुख्य टप्पा होता.

तेथील दंतधातू विहारात पूजेच्या वेळी 'हेविसि' वाद्यवृंद वाजतो. त्यात दवुल नावाचा ढोल एका बाजूने काठीने व दुसऱ्या बाजूने हाताने वाजवितात. तम्मट्टम ही आपल्या संबळासारखी जोडी असते, तर होरणेव हे सनईच्या जातीचे वाद्य आहे. फुले व दीप यांप्रमाणे नादही बुद्धास अर्पण करावयाचा, ही त्यामागील भावना. तिला शब्दपूजा म्हणतात. तेथील विद्यार्थ्यांनी आमच्या मुलांना 'तत्, जित्, तोन्, नं' हे ढोलाचे बोल तोंडाने म्हणवून शिकविले. आमच्या मुलांनी त्यांना लेझमीचे हात आणि साइड ड्रमवरील कदमताल शिकविला.

परंतु खरी शिकवण निराळीच होती. श्रीलंकेतही ढोलवादन परंपरेने 'बेरवा' या एका जातीकडे होते, आणि विहाराच्या जमिनीच्या मोबदल्यात अशी सेवा करावी लागे. आपल्या वतनाची आठवण व्हावी, अशीच ती रीत. एका वृद्ध वादकांनी हे सांगितले तेव्हा मुले स्तब्ध झाली. बौद्ध देश म्हणून तेथे जात आपोआप नाहीशी झालेली नाही. मात्र आज तेथील शाळांत व विद्यापीठात हे वादन कोणत्याही कुळातील विद्यार्थ्यास अभ्यासविषय म्हणून शिकता येते. दोष चामड्यात वा काठीत नव्हता, सक्तीत होता, हे आमच्या मुलांना तेथे उमगले.

आजोबांच्या प्रश्नास आमचे उत्तर हेच. आमच्या पथकात कोणीही जन्माने वा सक्तीने येत नाही. मुले-मुली दोघेही येतात, आणि वाद्ये दरवर्षी आळीपाळीने बदलतात. पथक सुपारी घेऊन कोठेही वाजवीत नाही. उपोसथास जे विद्यार्थी अष्टशील ग्रहण करतात, ते त्या दिवशी वाद्यास हात लावत नाहीत; कारण अष्टशीलात गीत-वादनापासून विरत राहणे अंतर्भूत आहे.

आजोबांचे मत पालटले, असे आम्ही म्हणत नाही. परतल्यानंतरच्या पहिल्या संचलनास ते आले. बेस ड्रम त्यांच्या नातीच्या गळ्यात होता. पथक मैदानाबाहेर जाईपर्यंत ते उभे होते. निघताना त्यांनी एवढेच विचारले की, हे वाद्य तिने स्वतः मागून घेतले का. नातीने "होय" म्हटले.