लखनौच्या लॅम्ब्रेटाचे पुनरुज्जीवन: रंगाआधी चिमटा, चकाकीआधी सुरक्षितता

लखनौ येथील स्कूटर्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीची स्थापना १९७२ मध्ये झाली. इटलीतील इनोसेंटी कंपनीने लॅम्ब्रेटाचे उत्पादन थांबविल्यानंतर तिची यंत्रसामग्री भारताने विकत घेतली आणि १९७५ मध्ये लखनौत उत्पादन सुरू झाले. देशात 'विजय सुपर', तर परदेशात 'लॅम्ब्रेटा' या नावाने या स्कूटर विकल्या गेल्या. महाराष्ट्राला लॅम्ब्रेटाची ओळख त्याआधीच, भांडुपच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीमुळे झाली होती.

लखनौचा कारखाना बंद करण्यास केंद्र सरकारने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे जुन्या स्कूटरचा प्रत्येक मूळ सुटा भाग आता मोलाचा ठरला आहे. मात्र हौशी मालकांचे लक्ष बहुधा रंग आणि मुलाम्याकडे असते. स्वाराचा जीव ज्यावर अवलंबून असतो, ते सस्पेन्शन दुर्लक्षित राहते.

रचना कशी असते?

लॅम्ब्रेटाच्या पुढच्या चिमट्याच्या दोन्ही नळ्यांमध्ये एकेक स्प्रिंग असते. नळीच्या खालच्या टोकाला पिनेवर फिरणारी लिंक असून तिच्या मागील टोकाला चाकाचा आस बसतो. चाक खड्ड्यातून वर उचलले की लिंक फिरते आणि स्प्रिंग दाबली जाते. ही हालचाल मर्यादेत ठेवण्याचे काम रबरी ठोकळे करतात. मागील बाजूस इंजिन हेच चाकाला धरणाऱ्या हाताचे काम करते. ते रबरी बुशांवर झुलते व त्याला एका शॉक-अ‍ॅब्सॉर्बरचा आधार असतो.

दोष कसा ओळखावा?

पुढचे चाक जमिनीपासून उचलून दोन्ही बाजूंनी हलवून पाहावे. खडखड जाणवल्यास लिंकचे बुश, पिना, चाकाचे किंवा हँडलचे बेअरिंग झिजले असण्याची शक्यता असते. मागची सीट दाबून सोडल्यावर स्कूटर वारंवार उसळत राहिली, तर शॉक-अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाला आहे असे समजावे.

दुरुस्तीचा क्रम

स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत असल्याने योग्य साधनाशिवाय चिमटा उघडू नये. ती उडून गंभीर इजा होऊ शकते. भाग सुटे केल्यावर गंज काढून चिमट्याचा सरळपणा तपासावा. जोडाजवळ तडा आढळल्यास वरवरचे वेल्डिंग करून तो पुन्हा वापरणे धोक्याचे आहे. दोन्ही स्प्रिंगांची लांबी सारखी असावी. एक बसकी निघाल्यास जोडीच बदलावी, अन्यथा भार दोन्ही बाजूंवर सारखा पडत नाही.

नवे बुश बसविल्यानंतर त्याचे छिद्र पिनेच्या मापाने साफ करावे लागते. पिन हाताने सहज फिरावी, पण डुलू नये. रंग देताना ही छिद्रे झाकून ठेवावीत, कारण रंगाचा पातळ थरही माप बिघडवितो. बाजारातील नक्कल केलेले भाग दिसायला हुबेहूब असले, तरी त्यांची मापे जुन्या भागाशी ताडून पाहावीत. मूळ लिंक शाबूत असेल, तर तिला नवे बुश बसविणे अधिक श्रेयस्कर.

इंजिनाच्या रबरी बुशांचे बोल्ट अखेरचे आवळताना स्कूटर चाकांवर उभी असावी. अधांतरी आवळल्यास भार पडताच रबराला पीळ बसतो आणि ते लवकर फाटते.

कायद्याची बाजू

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. सांगाडा, बाह्यकाया किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. नित्याच्या वापरासाठी अशी वाहने रस्त्यावर आणता येत नाहीत.

१९७५ मध्ये सुरू झालेल्या लखनौच्या पहिल्या स्कूटर आता ही वयोमर्यादा गाठू लागल्या आहेत. जुना भाग फेकून देण्यापूर्वी तो एकदा नीट मोजून पाहण्याचे महत्त्व त्यामुळे अधिकच वाढले आहे.