पाण्याच्या पातळीने जाणारी वाट

दक्षिण फ्रान्समध्ये बेझिए शहराच्या पश्चिमेला कालव्याकाठची एक वाट आहे. आर्जां गावच्या लॉकपासून, म्हणजे बोटी वर-खाली करणाऱ्या दारांच्या कक्षापासून, फोन्सेरानच्या लॉकपर्यंत ती 54 किलोमीटर जाते आणि एवढ्या अंतरात कालव्याचं पाणी एकाच पातळीवर राहतं. आजूबाजूला टेकड्या आहेत, उतारांवर द्राक्षमळे आहेत, पण वाट चढत नाही. टेकडी आली की वळसा घालते, ओढा आला की पुलावरून पाण्यासोबत पलीकडे जाते. साडेतीनशे वर्षांपूर्वी केवढ्या काटेकोरपणे जमीन मोजली गेली होती, ते सायकलस्वाराच्या मांड्यांना आपोआप कळतं.

हा कालवा म्हणजे कॅनाल द्यू मिदी. तुलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या खाऱ्या सरोवरापर्यंत त्याची लांबी 240 किलोमीटर आहे. तुलूझच्या पलीकडे 193 किलोमीटरचा गारोनचा कालवा 1856 मध्ये पुरा झाला आणि अटलांटिकच्या बाजूचा दुवाही जुळला. आज युरोपभरातून लोक सायकलवर सामान लादून या काठांवरून समुद्रापासून समुद्रापर्यंत जातात. कालवा पाहण्याच्या अनेक रीती आहेत. तो समजून घ्यायची सर्वांत चांगली रीत मला सायकल वाटते.

माथ्यावरचं पाणी

दोन समुद्र जोडायची कल्पना जुनी होती. स्पेनला वळसा घालणारा लांबचा आणि धोक्याचा सागरी प्रवास टळावा, अशी फ्रान्सच्या राजांची इच्छा होती. अडचण पाण्याची होती. लॉकमधून बोट वर चढो की खाली उतरो, दर वेळी कक्षभर पाणी खालच्या बाजूला निघून जातं. त्यामुळे कालव्याच्या सर्वांत उंच जागी पाण्याचा भरवशाचा साठा लागतो. तो नसेल तर बाकीचं सगळं खोदकाम वाया.

उत्तर शोधलं पिएर-पॉल रिके या बेझिएच्या माणसाने. तो मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी होता. स्थापत्याचं शिक्षण त्याने घेतलेलं नव्हतं. नॉरूझची खिंड हा तिथला पाणलोटाचा माथा, समुद्रसपाटीपासून सुमारे 190 मीटरवर. तिच्या एका बाजूचं पाणी अटलांटिककडे जातं, दुसऱ्या बाजूचं भूमध्याकडे. उत्तरेकडच्या काळ्या डोंगरातले, म्हणजे मोंतान्य न्वारमधले ओढे पाटांनी वळवून या माथ्यावर आणायचे, हे रिकेने ओळखलं. ऑक्टोबर 1666 मध्ये चौदाव्या लुईचा हुकूम निघाला. पुढच्याच वर्षी सँ-फेरेओलचं धरण बांधायला घेतलं. त्या काळच्या युरोपातल्या सर्वांत मोठ्या धरणांत ते मोडत होतं.

कामावर एका वेळी 12,000 पर्यंत मजूर होते आणि त्यांत बायकाही होत्या. रिके महिन्याच्या हिशेबाने मजुरी द्यायचा. पावसाने बुडालेल्या आणि सणाच्या दिवसांचेही पैसे मिळत. सतराव्या शतकात ही गोष्ट दुर्मीळ होती. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चंद्रा मुकर्जी यांनी या बांधकामावर 2009 मध्ये पुस्तक लिहिलं. पिरेनीज डोंगरातल्या खेड्यांत पाणी वळवण्याचं पिढीजात ज्ञान होतं, तिथल्या बायकांनी ते या कामात आणलं, अशी त्यांची मांडणी आहे. दरबारी कागदपत्रांत एकट्या रिकेचं नाव झळकतं, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवं.

रिकेने या कामात स्वतःची मालमत्ता ओतली. ऑक्टोबर 1680 मध्ये तो वारला आणि पुढच्या मे महिन्यात कालवा खुला झाला. त्याच्या कर्जातून वर यायला वारसांना कित्येक दशकं लागली.

घोड्यांची वाट

बोटी ओढायला घोडे लागायचे आणि घोड्यांना सलग वाट लागायची. म्हणून कालव्याबरोबर काठही बांधला गेला. घोड्याला झेपेल तोच चढ, पुलाखालून वाकून जाता येईल एवढीच जागा, लॉकपाशी थांबा आणि लॉक उघडणाऱ्या माणसाचं घर. थोड्या थोड्या अंतरावर सावली, पाणी आणि वस्ती असलेली ही आखणी सायकलीला अगदी मानवते.

अमेरिकेचे फ्रान्समधले राजदूत आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन 1787 च्या मे महिन्यात इथून गेले. त्यांनी आपली बग्गीच बोटीवर चढवली होती आणि मन होईल तेव्हा ते उतरून काठाने पायी चालत. बोटीचा वेग एवढाच होता की माणूस तिच्या बरोबरीने चालू शके.

1857 मध्ये बोर्दो ते सेत रेल्वे पुरी झाली आणि दुसऱ्याच वर्षी त्याच रेल्वे कंपनीला कालवा भाडेपट्ट्याने मिळाला. स्पर्धकाच्याच हाती गेल्यावर कालव्याचा धंदा आटत जाणं ओघानेच आलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालवाहतूक संपली. घोडे त्याआधीच गेले होते. काठ मात्र राहिला. 1996 मध्ये कालवा युनेस्कोच्या जागतिक वारशात दाखल झाला.

थांबून पाहण्यासारखं खूप आहे. इथले बहुतेक जुने लॉक लंबगोल आहेत. सरळ भिंत मागच्या मातीच्या दाबाने आत कोसळण्याचा धोका असतो. बाक दिलेली भिंत आडव्या कमानीसारखी तो दाब पेलते. फोन्सेरानला असे आठ कक्ष एकाखाली एक जोडले आहेत आणि बोट त्यांतून साडेएकवीस मीटर उतरते. त्याच्या अलीकडे माल्पासची टेकडी आहे. 1679 मध्ये तिच्या पोटातून सुमारे 165 मीटरचा बोगदा काढला. बोटींसाठी खोदलेला तो जगातला पहिला बोगदा मानतात. त्याच टेकडीखालून रेल्वेचा बोगदा जातो आणि मध्ययुगीन पाटही जातो. मोंताडीचं तळं तेराव्या शतकात कोरडं केलं, तेव्हा त्याचं पाणी या पाटाने बाहेर काढलं. टेकडीमाथ्यावरून त्या तळ्याची जमीन दिसते: मध्यापासून कडेपर्यंत पाचरींसारखी कापलेली शेतं.

द्राक्षांचा मुलूख

तुलूझ सोडल्यावर आधी गहू आणि सूर्यफुलाचा प्रदेश लागतो. कास्तेलनोदारी मागे पडतं, कारकासोनचा कोट येतो आणि मग वेली सुरू होतात. उत्तरेला मिनेर्व्वा, दक्षिणेला कॉर्बिएर. कारिन्यां, ग्रनाश, सिरा या इथल्या काळ्या द्राक्षांच्या जाती. आपल्याकडच्या मांडवांची सवय असलेल्याला इथले जुने वेल वेगळे वाटतात: तारेविना, गुडघाभर उंचीचं खोड आणि वर पसरलेल्या फांद्या. मळ्यांच्या कडेने थाइम आणि रोझमेरीची रानझुडपं असतात.

कालव्याने या वाइनला आणि ब्रँडीला बाजार दिला. पिंपं बोटींतून सेतच्या बंदरात जात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा या किडीने मुळं पोखरून मळेच्या मळे मारले. 1868 मध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कीड ओळखली. उपायही अमेरिकेतूनच आला: कीड सोसणाऱ्या अमेरिकी द्राक्षाच्या खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम. नाशिक-सांगलीचा बागायतदार आज डॉगरिजच्या खुंटावर कलम भरतो, ते क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई यांसाठी. पण तो खुंटही अमेरिकी वंशाचाच आहे. त्यामुळे आपल्या शेतकऱ्याला या मळ्यांचा इतिहास परका वाटणार नाही.

पुढचा भाग तर त्याला अधिकच ओळखीचा वाटेल. मळे सावरले, उत्पादन भरमसाट वाढलं, साखर घालून बनवलेली नकली वाइन बाजारात आली आणि भाव कोसळले. 11 मार्च 1907 रोजी कालव्याजवळच्या आर्जलिए गावातून 87 माणसं गाऱ्हाणं घेऊन नार्बोनला चालत गेली. पुढारी होता मार्सेलँ आल्बेर, गावातला कॅफेवाला आणि द्राक्ष उत्पादक. जूनमध्ये माँपेलिएच्या सभेला लाखो लोक जमले. नार्बोनमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसं मेली. बेझिएच्या सतराव्या पलटणीने बंड केलं. महिन्याअखेर भेसळीविरुद्ध कायदा झाला. इथल्या गावोगावच्या सहकारी वाइनरींच्या मोठ्या इमारती पाहताना हा लढा ठाऊक असावा. त्या वाइनरींमुळेच लहान शेतकरी टिकला.

सावलीची किंमत

काठावरचे प्लेन वृक्ष बहुतांशी एकोणिसाव्या शतकात लावलेले. त्यांची संख्या सुमारे 42,000 होती. 2006 मध्ये इथे एका बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती बुरशी फ्रान्समध्ये आली, असं मानलं जातं. लागण झालेलं झाड काही वर्षांत मरतं आणि बुरशी पाण्यातून, मुळांतून शेजारच्या झाडांत जाते. झाड तोडून जाळण्यावाचून इलाज नाही. हजारो झाडं गेली. मैलच्या मैल काठ उघडा पडला. आता टर्की ओकसारख्या वेगवेगळ्या जाती मिसळून लावतात, म्हणजे एकाच रोगाने पुन्हा सगळी रांग जाणार नाही.

जाणाऱ्याने हे धरूनच निघावं. तुलूझपासून साधारण 50 किलोमीटर डांबरी वाट आहे. पुढे माती, खडी आणि मुळं, पाऊस झाला तर चिखल. रुंद टायर घ्यावेत. सावली गेलेल्या पट्ट्यांत जुलै-ऑगस्टचं ऊन सोसत नाही. वसंत किंवा द्राक्षतोडणीचा सप्टेंबर उत्तम. वायव्येकडून येणारा सेर्स वारा पाठीशी राहावा म्हणून कारकासोनपुढे समुद्राकडे जाणंच बरं. थकल्यास शेजारून धावणाऱ्या स्थानिक गाड्यांत सायकल चढवता येते.

बहुतेक जण तुलूझहून निघतात. शक्य असेल त्याने सँ-फेरेओलच्या धरणापासून निघावं. तिथून डोंगरपाण्याच्या पाटाकाठची वाट शेतांमधून नॉरूझला येते. त्या अरुंद पाटाला सोबत करत माथ्यावर पोहोचलेल्याला पुढचा प्रत्येक लॉक कोणाच्या पाण्यावर चालतो ते ठाऊक असतं. रिकेनेही कालव्याची सुरुवात डोंगरातलं पाणी शोधूनच केली होती. प्रवासाचा क्रमही तोच ठेवला, की पुढे लागणाऱ्या लॉकचा, बोगद्याचा आणि मळ्यांचा एकमेकांशी संबंध लागत जातो.