परसदार – लेखांक ९ : भिंतीला टाकी लावणारा

मागच्या आठवड्यात डेकच्या कठड्यात घरं करणाऱ्या भुंग्यांपाशी थांबलो होतो. भुंगे आले की त्यांच्या मागोमाग आणखी एकजण येतो, असं शेवटी लिहिलं होतं. त्याची हकिकत आज.

एप्रिल महिना, सकाळचे पावणेसहा. आई चिपळूणहून आमच्याकडे न्यू जर्सीला आलेली होती. खोलीतून बाहेर येऊन म्हणाली, "अरे, तुमच्याकडे पाट्याला टाकी लावणारी येते की काय?" चपला अडकवून बाहेर गेलो. वळचणीखाली, कोपऱ्याच्या उभ्या फळीला एक काळापांढरा पक्षी चिकटला होता. डोक्यामागे कुंकवाच्या बोटाएवढा लाल ठिपका, म्हणजे नर. डाउनी सुतारपक्षी, वजन जेमतेम २५ ग्रॅम. तो उडाल्यावर शिडी लावून फळी पाहिली. तुरीच्या दाण्याएवढे, उथळ, एकमेकांना खेटून दहा-बारा टवके. हुबेहूब टाकवलेला पाटा!

आपल्याकडेही सुतारपक्षी काही कमी नाहीत. एकाच्या तर शास्त्रीय नावातच मराठे आहेत, 'मराट्टेन्सिस'. पण जांभ्याच्या किंवा विटांच्या भिंतीवर त्याला काय मिळणार? तो वठलेल्या फांदीवर समाधानी असतो. इथे अमेरिकेत बऱ्याच घरांना बाहेरून लाकडी फळ्यांचं कातडं असतं, अनेकदा सीडरचं, आणि फळीमागे पोकळी. पक्ष्याच्या दृष्टीने ते वाळलेलं, आतून पोकळ झाड.

तो घर खायला आलाय असं समजून लोक आधी हाकलायला धावतात, तिथेच चुकतं. भोक कसं आहे ते आधी बघावं. आमच्या फळीवरचे उथळ टवके म्हणजे निव्वळ ढोल. या पक्ष्याला गाणं नाही. हद्द सांगायची, मादीला बोलवायचं, तर चोचीने बडवून. त्यामुळे जिथे घुमेल ती जागा तो शोधतो: पोकळ फळी, पत्र्याची पन्हळ, धुराड्याचं टोपण. पत्र्यातून त्याला किडा मिळत नाही हे आपल्याइतकंच त्यालाही कळतं. हा प्रकार वसंतातला, वीण संपत आली की आपोआप थांबतो. तोवर धीर नसेल तर आवाज बुजवायचा. मी जुन्या गोधडीचा तुकडा त्या फळीवर ठोकून ठेवला. चौथ्या दिवशी स्वारी शेजाऱ्यांच्या पन्हळीवर गेली. शेजाऱ्यांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

"एवढं बडवून त्याचं डोकं दुखत नाही का?" हा आईचा प्रश्न. कवटीत स्पंजासारखं हाड असतं, ते धक्का झेलतं, असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. २०२२ साली अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून दाखवलं की कवटी धक्का झेलत नाही, ती हातोडीच्या डोक्यासारखी ताठ असते. झेलली असती तर ठोका वाया गेला असता. मेंदूच इतका लहान की तेवढा हिसका त्याला सोसतो.

दुसरं भोक भुकेचं. हे वेडंवाकडं आणि खोल असतं, कडा फाटलेल्या. इथे भुंगे पुन्हा आले. कवींचा भुंगा लाकूड पोखरतो आणि कमळात अडकतो. आमचा भुंगा कठड्यात सरळ बोगदा खणतो, त्यात अंडी घालतो. सुतारपक्षी मग बोगद्याच्या रेषेने फळी सोलत जातो आणि एकेक अळी उचलतो. खाचा पाडलेल्या प्लायवूडच्या भिंतीत तर थरांमधल्या फटीत किडे आयते बसलेले असतात, आणि भोकं चक्क आडव्या रांगेत दिसतात. या प्रकारात पक्ष्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. तुमच्या फळीत कीड आहे, हे तो फुकटात सांगतोय. किडीचा बंदोबस्त करा, फटीत लांबी भरा, वर रंगाचा हात द्या. तो पुन्हा येईल, दोन-चार टोचे मारून बघेल आणि जाईल.

तिसरं भोक सगळ्यात देखणं. कर्कटकाने आखल्यासारखं गोल. डाउनीचं साधारण सव्वा इंचाचं, फ्लिकर नावाच्या थोराड भाऊबंदाचं तीन इंचांच्या आसपास. हे घरकुलाचं. फ्लिकरला फेसाच्या थरावर गिलावा केलेल्या भिंती फार आवडतात: वर पातळ कवच, आत मऊ, अगदी कुजक्या झाडासारखं.

या आवडीचा सगळ्यात महागडा फटका बसला तो अंतराळ खात्याला. १९९५ च्या मे अखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीत, फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्रात डिस्कव्हरी हे यान उड्डाणाच्या तयारीत उभं होतं. त्याच्या नारिंगी इंधनटाकीवर फेसाचं आवरण असतं. फ्लिकरांनी त्यात सुमारे २०० भोकं पाडली, काही चार-चार इंचांची. फेसाखाली ॲल्युमिनियम, तेव्हा ढोली होणं शक्यच नव्हतं. यान दुरुस्तीसाठी इमारतीत परत न्यावं लागलं आणि ८ जूनचं उड्डाण १३ जुलैला झालं. पुढे तिथे प्लास्टिकची घुबडं, डोळे रंगवलेले फुगे, भोंगे आणि माणसांचा पहारा, असा सगळा जामानिमा झाला.

घुबडाचं म्हणाल तर दुकानातलं प्लास्टिकचं घुबड मीही आणलं होतं. आठवड्याभरात त्याच्या डोक्यावर डाउनी बसलेला पाहिला. बुजगावण्याचं सगळीकडे हेच होतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी न्यूयॉर्क राज्यातल्या घरांवर रीतसर सहा उपाय करून पाहिले आणि २००७ साली निष्कर्ष छापले: पंख हलणारं घुबड, दोरीला टांगलेले प्लास्टिकचे डोळे, राहायला पेट्या, खायला चरबीच्या वड्या, ससाण्याचे आणि घाबरलेल्या सुतारपक्ष्याचे आवाज, आणि चमकत्या पट्ट्या. त्यात थोडंफार सातत्याने काम केलं ते पट्ट्यांनी. आपल्याकडे ज्वारीत पाखरं हाकायला जुन्या कॅसेटची टेप बांधायचे, त्याच जातीचा हा उपाय. पण पट्ट्यांनीही उपद्रव पूर्ण थांबला तो निम्म्याच घरांवर. फिकट रंगाच्या आणि ॲल्युमिनियम किंवा व्हायनिलच्या भिंतींना उपद्रव कमी, हेही त्यांना आढळलं. तपकिरी-मातकट रंगाची लाकडी भिंत म्हणजे आमंत्रणच. आमचं घर कुठल्या रंगाचं, ते विचारू नका.

खात्रीचा उपाय जाळीचा. पाऊण इंची छिद्रांची प्लास्टिकची जाळी वळचणीपासून खाली ताणायची, भिंतीपासून किमान तीन इंच दूर. टेकली तर तो जाळीतून चोच घालतो. खालून आणि बाजूंनी बंद करायची, नाहीतर पक्षी आत अडकून मरतो. दिसायला बरी नाही, पण रस्त्यावरून कळतही नाही. आणि जे करायचं ते पहिल्या दोन-तीन दिवसांत करावं. त्या जागेची सवय लागली की हा पक्षी भलता हटवादी.

बंदूक किंवा विष मात्र मनातही आणू नका. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण सुतारपक्ष्यांनाही आहे, मारायचं तर केंद्रीय वन्यजीव खात्याचा परवाना लागतो. अंडी-पिल्लं असलेलं भोकही बुजवता येत नाही. डाउनीची अंडी उबायला बारा दिवस आणि पिल्लं उडायला तीनेक आठवडे, म्हणजे महिना-सव्वा महिन्याचाच प्रश्न.

आमच्याकडचं गोल भोक ऑक्टोबरातलं. तेव्हा पिल्लं नसतात, पण हिवाळ्यात झोपायला हे पक्षी एकेकटे ढोल्या करतात. संध्याकाळी चहाचा कप घेऊन बसलो, तर अंधार पडायच्या जरा आधी तो आला, इकडेतिकडे पाहिलं आणि आत गेला. दुसऱ्या दिवशी तो बाहेर पडल्यावर भोकात लाकडाची खुंटी मारली, वर लांबी, वर पत्र्याचा तुकडा. मन मानेना म्हणून जवळच्या मेपलवर तेवढ्याच उंचीला एक पेटी टांगली. कॉर्नेलवाल्यांच्या पेट्यांचा फारसा उपयोग झाला नव्हता, हे ठाऊक असूनही. पेटी रिकामी नाही राहिली. दार कुरतडून मोठं करून तिच्यात एक खार राहायला आली आहे. तिच्याबद्दल पुढच्या लेखांकात.